‘वाद’ नसून ‘वाढ’ असे वाचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकतीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले. निवृत्तीला बराच काळ लोटला, पण खोड जात नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही आधी ऱ्हस्व-दीर्घासाठी वाचते, मग औषध घेते. २०२५ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि काही आठवडे वाचन बंद झाले, तेव्हा आमच्या ह्यांनी मला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवले. हे गणिताचे शिक्षक. शब्दांवरून घसरत जातात, आकडा आला की थबकतात. माझे नेमके उलटे. छापखान्यात अशीच जोडी असायची. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. इथे माझ्यापुढे प्रूफ नव्हते, एवढाच फरक.

मराठीत क्रियापद शेवटी येते. वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, कारण नजर पुढे पळते. ऐकणाऱ्याला मात्र वाक्य संपेपर्यंत ताटकळावे लागते. ‘जगातील बहुसंख्य देश कोळसा, तेल आणि वायू यांचा वापर…’ एवढे वाचून ह्यांनी पान उलटले. मी मनात म्हटले, आता ‘थांबवणार’ येईल. पुढच्या पानावर निघाले, ‘…कमी करण्याच्या दिशेने चर्चा सुरू ठेवण्यास अनुकूल असल्याचे समजते.’ त्या एका वाक्यात पाच क्रिया आहेत आणि त्यांतली एकही घडलेली नाही.

ही बातमी बेलेमची, म्हणजे ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळ भरलेल्या तिसाव्या हवामान परिषदेची. ऐंशीहून अधिक देशांना जीवाश्म इंधनांपासून, म्हणजे याच कोळसा, तेल, वायूपासून, दूर कसे जायचे याचा आराखडा हवा होता. शेवटी मंजूर झालेल्या मुख्य मजकुरात जीवाश्म इंधने हा शब्दच नाही. मध्यंतरी २० नोव्हेंबरला परिषदेच्या आवारात आग लागली आणि सर्वांना बाहेर पडावे लागले. या परिषदांच्या मसुद्यांत, ज्यावर एकमत नसते तो मजकूर चौकोनी कंसांत ठेवण्याची पद्धत आहे. बाहेर पडण्याबाबत त्या दिवशी कुणालाच कंसांची गरज भासली नाही. आराखड्याचे काय झाले म्हणाल, तर अध्यक्षांनी तो परिषदेबाहेर, आपल्या पातळीवर तयार करू असे सांगितले. आमच्याकडे मुख्य अंकात न मावलेला मजकूर पुरवणीत टाकत, तसेच हे.

वाचन पुन्हा सुरू झाल्यावर मी या परिषदांचे मागचे कागद काढून बसले. वाचक म्हणून नव्हे, मुद्रितशोधक म्हणून. शब्दाशब्दावर बोट ठेवून. आणि माझ्या लक्षात आले की गेली तीस वर्षे जगाचे हवामान-राजकारण म्हणजे एक प्रचंड मुद्रितशोधन आहे. तापमान आहे तिथे वाढत राहते, आणि सारी बुद्धी क्रियापदे दुरुस्त करण्यात खर्च होते.

पॅरिसचेच घ्या. १२ डिसेंबर २०१५. करार तयार, माणसे टाळ्या वाजवायच्या बेतात, आणि बैठक सुरूच होईना. अमेरिकेच्या वकिलांना कलम ४.४ मध्ये एक शब्द सापडला होता. विकसित देशांनी उत्सर्जनकपातीत पुढाकार घ्यायचा, या वाक्यात ‘शुड’ऐवजी ‘शॅल’ पडले होते. शुड म्हणजे ‘घ्यावा’. शॅल म्हणजे घ्यावाच लागेल. बंधनकारक झाले की करार सिनेटपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढे, न्यावा लागणार, आणि तिथे त्याचे काय झाले असते हे सांगायला ज्योतिषी नको. १९९७ साली क्योटोच्या हवामान कराराआधी त्याच सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी आपली नापसंती कळवून ठेवली होती. मग काय केले? सचिवालयाच्या एका अधिकाऱ्याने व्यासपीठावरून किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांची यादी वाचली, आणि त्या यादीत, कुठे स्वल्पविराम, कुठे क्रमांक, अशा ओळींमध्ये, शॅलचे शुड होऊन गेले. हातोडा पडला. टाळ्या झाल्या.

मी थक्क झाले. एकतीस वर्षांत माझ्या हातून हजारो चुका दुरुस्त झाल्या, पण एका शब्दाने श्रीमंत देशांची मान मोकळी करावी असा योग कधी आला नाही. आमच्या विभागाला तर बसायला धड पंखाही नव्हता.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. क्योटोत श्रीमंत देशांसाठी आज्ञार्थ होता. पॅरिसमध्ये त्याचा विध्यर्थ झाला, करावे, घ्यावे, द्यावे. आता संकेतार्थ चालू आहे, म्हणजे पैसे मिळाले असते तर केले असते, शेजाऱ्याने केले असते तर आम्हीही केले असते. राहिला पहिला. त्याला व्याकरणात नाव कुणी दिले ठाऊक नाही, पण या परिषदांत तो कधीच बदललेला दिसत नाही.

ग्लासगोला २०२१ मध्ये कोळशावर असाच प्रसंग आला. मसुद्यात ‘फेज आउट’ होते, टप्प्याटप्प्याने बंद. अखेरच्या तासांत भारताने ‘फेज डाउन’ सुचवले, टप्प्याटप्प्याने कमी. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा माफी मागताना गहिवरले, आणि दुसऱ्या दिवशी जगभर खलनायक ठरलो आपण. मी आपली बाजू घेते असे नाही, डाउन हे डाउनच. पण मुद्रितशोधकाने मूळ प्रत पाहावी. त्याच आठवड्यात अमेरिका आणि चीन यांनी मिळून जे निवेदन काढले, त्यात चीनच्या कोळशापुढे हेच ‘फेज डाउन’ छापलेले होते. तेव्हा कुणाचा कंठ दाटून आला नव्हता. आणि तेल, वायू? त्यांच्या वापरापुढे आउट नाही, डाउन नाही, काहीच नाही. ज्या देशांत ते निघते त्यांचे नाव अशा ओळीत यायला आणखी दोन वर्षे लागली. नाव म्हणजे इंधनाचे हो, देशाचे कोण घेतो! २०२३ मध्ये दुबईत, अठ्ठाविसाव्या परिषदेत, जीवाश्म इंधनांपासून ‘दूर संक्रमण’ करण्याचे ठरले. अध्यक्षस्थानी अबू धाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीचे प्रमुख होते. दूर संक्रमण म्हणजे काय, हे मी ह्यांना विचारले. हे म्हणाले, ‘वर्गात शेवटच्या बाकावरची मुले दाराकडे सरकायची, ते.’

पैशाच्या ओळी मात्र ह्यांच्या वाट्याच्या. श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचे, असे २००९ मध्ये कोपनहेगनला ठरले. ते जमले २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. २०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकूला पुढचा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. गरीब देश मागत होते १.३ ट्रिलियन, म्हणजे १३०० अब्ज. ह्यांनी भागाकार केला आणि मान हलवली. पण मी म्हटले, थांबा, १.३ ट्रिलियनही कागदावर आहे. खरोखरच आहे. फक्त ३०० अब्जांच्या ओळीचे क्रियापद ‘ठरवते’ असे आहे आणि १.३ ट्रिलियनच्या ओळीचे ‘आवाहन करते’. हे सगळ्यांना केलेले आवाहन आहे, म्हणजे आपल्यालाही. आकडा मोठा हवा असेल तर क्रियापद बारीक करायचे, असा तो हिशेब.

अमेरिकेचे प्रूफ तपासायला मिळाले असते तर मी राजीनामाच दिला असता. पॅरिस करारात आत, २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये पुन्हा आत, आणि २० जानेवारी २०२५ ला पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही. एकच शब्द इतक्या वेळा खोडून लिहिला की कागदाला भोक पडते, हे कुठल्याही शिकाऊ मुलाला कळते. आणि हत्यारही पाहा. आम्हाला लाल पेन असे. २०१९ च्या सप्टेंबरात डोरियन चक्रीवादळाचा सरकारी नकाशा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात दाखवला गेला, त्यात वादळाच्या संभाव्य क्षेत्राला काळ्या मार्करने एक जादा फुगवटा काढलेला होता, अलाबामाला पोचेल असा. अलाबामाला धोका नाही, असे तिथल्या हवामान कार्यालयाने आधीच जाहीर केले होते. वादळाने अर्थातच मार्करकडे लक्ष दिले नाही.

हवाईच्या मौना लोआ ज्वालामुखीवरच्या वेधशाळेत १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. चार्ल्स कीलिंग यांनी सुरुवात केली तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, मे २०२५ ची सरासरी ४३० च्या वर गेली. इथे क्रियापद नाही. काना, मात्रा, वेलांटी, कशालाच हात लावता येत नाही. हे या आकड्यांवर खूश असतात, म्हणजे त्यांच्या निष्ठेवर, वाढीवर नव्हे. म्हणून २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात या वेधशाळेचा पैसाच थांबवण्याची भाषा आली, तेव्हा मला धंद्यातली युक्ती चटकन ओळखता आली. शब्द दुरुस्त होत नसेल, तर स्तंभ काढून टाकायचा.

आइसलँडमध्ये ओक्योकुल नावाची हिमनदी होती. ‘योकुल’ म्हणजेच त्यांच्या भाषेत हिमनदी. २०१४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञाने सांगितले की आता ही हिमनदी उरलेली नाही, बर्फ इतका पातळ झालाय की तो स्वतःच्या भाराने सरकत नाही. तेव्हापासून लोक त्या जागेला नुसते ‘ओक’ म्हणतात. नावातून ‘योकुल’ गाळले. २०१९ मध्ये तिथे धातूचा फलक लावला, त्यावर शेवटी ४१५ पीपीएम, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे दहा लाखांत ४१५ भाग, हा आकडा कोरला आहे. इतक्या कागदपत्रांत मला निर्दोष वाटलेली दुरुस्ती ती एकच. वस्तू गेली, म्हणून शब्द गेला. बाकी सगळीकडे वस्तू तशीच राहते आणि शब्द जातो.

आता कबुली. जून १९८८ मध्ये जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की पृथ्वी तापते आहे, आणि हा निसर्गाचा नेहमीचा चढउतार नव्हे याची ९९ टक्के खात्री आहे. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. ती बातमी आमच्याकडे आतल्या पानावर चार ओळींत आली, प्रूफ मी पाहिले आणि माझ्या नजरेतून एक अक्षर निसटले. छापून आले, ‘पृथ्वीच्या तापमानात वाद’. ढ आणि द, रात्रीच्या पाळीत डोळ्यांना सारखेच दिसतात. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुलासा गेला, ‘वाद’ नसून ‘वाढ’ असे वाचावे. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर झापले. ते बोलणे मी पुढे कितीतरी वर्षे मनाला लावून घेतले. आता कधीकधी वाटते, ती चूक नव्हतीच, आगाऊ बातमी होती.

पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कापावे लागले तर कुठूनही कापा, क्रियापदे गेली तरी चालतील. आकडे तेवढे मूळ प्रतीशी ताडून घ्यावेत.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. ‘ऱ्हास’ हा शब्द आपल्या अंकात दोनदा ‘र्हास’ असा आला आहे. पर्यावरणाच्या पानावर तो यापुढे वरचेवर लागेल, तेव्हा एकदाच नीट करून ठेवावा.