गिअरबॉक्स चढवताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

चढावर चौथ्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही, असं तू काल फोनवर म्हणालास. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा क्लच घसरतोय. क्लचची केबल जास्त ताणलेली नाही ना, हे आधी बघ. कधी कधी तेवढ्यावरच भागतं. नाहीतर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. तू हे काम घरी करायचं ठरवलंस याचा मला आनंद आहे. काळजीही आहे.

जॅक गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नाही. तिला घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकव, खाली असलेल्या चाकांना ठोकळे लाव, जोर लावून हलवून बघ, मगच खाली जा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. माउंटिंग सोडण्याआधी इंजिनला आधार दे. आणि गिअरबॉक्स एकट्याने छातीवर घेऊ नकोस, जोडीला कुणीतरी हवंच.

जुनी क्लच प्लेट निघाली की नीट न्याहाळ. लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, रिव्हेटपर्यंत झिजलं असेल तर ती आपल्या वयाने गेली. पण लायनिंग जाड असूनही तेलकट असेल, तर आत कुठलंतरी सील गळतंय. ते बदललं नाहीस तर नवी प्लेटही तशीच जाईल. तिथली धूळ फुंकू नकोस. जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पूस. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या ज्या जड चाकाला प्लेट टेकते त्यावर, निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर फोटो पाठव. क्लच दाबल्यावर तो सोडवणारं रिलीज बेअरिंग चांगलं वाटलं तरी बदलूनच टाक, पुन्हा एवढं उघडायला नको.

खरं सांगायचंय ते पुढचं. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा तिच्यावर लिहिलेली असते, ती वाच. मग अलाइनमेंट टूल घालून प्लेट बरोबर मध्ये आण आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ. गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या खाचांत हाताने सरकायला हवा. शेवटचं बोटभर अंतर राहतं आणि तो अडतो. त्या वेळी हात भरून आलेले असतात, आणि बोल्ट लावून ओढून घ्यावंसं वाटतं. मी पहिल्या वेळी तेच केलं. गिअरबॉक्स बसला, गाडी सुरू झाली, पण क्लच दाबूनही रिव्हर्स खरखर करत राहिला. सगळं पुन्हा उतरवलं तेव्हा कळलं, नवी कोरी प्लेट वाकली होती.

म्हणून अडला तर जोर लावू नकोस, आणि गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकत ठेवू नकोस. जॅकने किंचित वर-खाली कर, कोन जुळव, जोडीदाराला क्रँकशाफ्ट पान्याने थोडा फिरवायला सांग. तरी नाही गेला तर खाली उतरव आणि प्लेट पुन्हा मध्ये आण. अर्धा तास जाईल, जाऊ दे.

गिअरबॉक्स हाताने इंजिनला चिकटला की फोन कर, किती का वाजले असेनात. मी जागाच आहे.

तुझा,
बाबा