नाम्याच्या कागदाबद्दल

औसा,
२८ डिसेंबर

प्रिय दिग्या,

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, नाम्याने माझ्या हातात एक कागद दिला. नाम्याने! स्वतः लिहिलेला. बारावीतसुद्धा ज्याने स्वतःची वही केली नाही, त्याने फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरल्यात. याचा अर्थ दुसऱ्या कुणाला सांगून कळायचा नाही, म्हणून तुला लिहितोय. फोनवर हे जमत नाही. तू कायम गाडीवर असतोस आणि "हां, बोल बोल" एवढंच ऐकू येतं.

इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच आहेत.

कागदावर वर लिहिलंय, "पुढच्या येळवशीपर्यंत". खाली सात गोष्टी: एक एकर तुती लावून रेशीम, महिन्याला लाख रुपये, सोसायटीचं कर्ज निल, बारा किलो वजन कमी, तंबाखू बंद, घरावर स्लॅब आणि ताईच्या पोरीला पुण्यात शिकायला ठेवणं. वाचून छाती भरून आली आणि रात्री झोप लागेना. आपल्या वयाला माणूस पहिल्यांदा काही ठरवतो आणि ते मोडतं, तेव्हा तो पुन्हा ठरवायच्या फंदात पडत नाही. नाम्या तर नक्कीच नाही. तू त्याला ओळखतोस, पाइपलाइनच्या वेळचं आठव.

माझी काळजी अशी आहे. या सातही ओळी फळाच्या आहेत, कामाची ओळ एकही नाही. उद्या सकाळी सहाला उठून काय करायचं, हे त्यातल्या कुठल्याच ओळीवरून कळत नाही. शिवाय सात कामं एका वर्षात, एकाच माणसाच्या अंगावर. फेब्रुवारीत सातातली पाच मागे पडलेली दिसतील आणि उरलेल्या दोनांवरूनही मन उडेल.

म्हणून माझं म्हणणं, त्याने एकच ठेवावी, रेशीम. बाकीच्या खोडायच्या नाहीत, वेगळ्या पानावर लिहून मिटून ठेवायच्या. स्लॅब आणि कर्ज पैशाच्या मागे येणारच, त्यांच्यासाठी वेगळं काम नाही. तंबाखूचं तर रेशीमच बघून घेतं. निकोटीन रेशमाच्या अळीला विष आहे. तंबाखू मळलेल्या हाताने तुतीचा पाला घातला की अळ्या मरतात, म्हणजे शेडमध्ये शिरायचं तर पुडी बाहेर आणि हात साबणाने धुतलेले. एरवी "सोडतो, सोडतो" म्हणणाऱ्याला आता रोज चार वेळा तंबाखूपासून लांब राहायचं ठोस कारण मिळतं. पाला तोडून वाहिला की वजनही हलेल. एक ध्येय असं निवडायचं की बाकीची दोन-तीन त्याच्याच ओढीने पुढे सरकतील.

आता तू म्हणशील, "कागद-बिगद काही नसतं रे, माणूस पाहिजे." मेसच्या हिशोबाच्या वहीवरून तू हेच म्हणाला होतास आणि मी आजही सांगतो, त्या वर्षी मेस चालली ती वहीमुळे चालली. तुझ्या तोंडी हिशोबाने भाजीवाला पळून गेला असता. हे भांडण मी सोडणार नाही. पण आज मुद्दा नाम्याचा आहे.

पहिलं, "लाख महिना" ही ओळ बदलायची. बाजारातला भाव त्याच्या हातात नाही. एका बॅचचा हिशोब घालून बघ. १०० अंडीपुंज (एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) म्हणजे साधारण ४० ते ५० हजार अळ्या. नवख्याला ६० ते ६५ किलो कोष आले तरी चांगलं म्हणायचं. भाव किलोला ४०० धर, वर गेला तर आनंदच. ६५ किलोचे २६ हजार होतात, त्यातून खर्च जायचा. पहिल्या वर्षी त्याच्याकडून एक बॅच, फार तर दोन होतील. लाखाची ओळ तशीच राहिली तर चांगली निघालेली बॅचसुद्धा त्याला नापास झाल्यासारखी वाटेल. त्याऐवजी लिहायचं: "२० डिसेंबरच्या आत १०० अंडीपुंजांची पहिली बॅच, ५५ किलोच्या वर कोष, जालना किंवा बीडच्या बाजारात विकलेले." तारीख आहे, आकडा आहे, झालं की नाही हे परक्या माणसालाही सांगता येईल.

मग त्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. पुढे मोजणारा माणूस सोयीने मोजतो, उलटं मोजताना अडचणी आपोआप समोर येतात. २० डिसेंबरला विक्री म्हणजे २५ नोव्हेंबरच्या सुमाराला दुसरी कात टाकलेल्या चॉकीच्या, म्हणजे केंद्रात लहानपणी सांभाळलेल्या, अळ्या घरात पाहिजेत, कारण तिथून कोष काढेपर्यंत २४-२५ दिवस जातात. अंडी आणून पहिले दहा दिवस स्वतः सांभाळायच्या नादाला नवख्याने लागू नये, लहान अळी फार नाजूक. नोव्हेंबरअखेर पाला पाहिजे तर लागवड जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली पाहिजे, कारण पहिला पाला यायला पाच महिने धरावे लागतात. जूनमध्ये तीन-चार महिन्यांची रोपं हवीत, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेणं गादीवाफ्यावर. व्ही-१ जातीचं, सहा-आठ महिन्यांच्या फांद्यांचं, पेन्सिलीएवढं जाड, तीन-चार डोळ्यांचं. पाच बाय तीन बाय दोन फुटांच्या जोडओळीत एकरी ५,४४५ झाडं बसतात. तुटाळ, म्हणजे मरणारी रोपं, धरून ६,००० रोपं लागतील, आणि सगळं बेणं फुटत नाही म्हणून ८,००० कांड्या लावायच्या. नाम्याच्या कागदावर यातलं काही नाही. त्याला वाटतंय की जूनमध्ये काम सुरू होईल. खरं म्हणजे फेब्रुवारीत बेणं ठरलं नाही तर पुढची येळवस हुकली.

शेडचंही तसंच. २० बाय ५० ची शेड त्याने "दिवाळीत" लिहिलीय. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे सोयाबीनची काढणी आणि रास, मजूर मिळतो का तेव्हा? वेल्डर एक खांब उभा करून जातो आणि महिनाभर फोन उचलत नाही. शेड एप्रिल-मेमध्ये उभी राहिली पाहिजे, पावसाच्या आत. पावसाळ्यात रॅक बसवायचे, जाळ्या मारायच्या, दाराला बारीक जाळी लावायची म्हणजे अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी शिरणार नाही. बॅचच्या चार-पाच दिवस आधी २ टक्के ब्लिचिंग पावडर आणि ०.३ टक्के विरलेला चुना, या द्रावणाने शेड, रॅक, चंद्रिका (अळ्या ज्यावर कोष विणतात त्या जाळ्या), सगळं धुऊन बंद ठेवायचं. हे टाळलं की रोग पहिल्या बॅचपासून घरात मुक्कामाला येतो.

पाण्याचं मी त्याला तोंडावर विचारलं. "हाय की बोअरला," म्हणाला. लेका, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते बघितलेली माणसं आपण. "हाय की" या उत्तरावर एकर लावायचा नसतो. मोठ्या झाडाला ठिबकने रोज ३ लिटर धरलं तरी एकराला १६ हजार लिटरच्या वर जातं. २०० लिटरचा बॅरल लावून घड्याळ बघायचं. असे ८२ बॅरल लागतात आणि लाईट आठ तास धरली तर एक बॅरल सहा मिनिटांच्या आत भरला पाहिजे. आज भरेलही. डिसेंबरचं बोअर कुणालाही फसवतं. खरी मोजणी मेच्या पहिल्या आठवड्यात करायची आणि काय आलं तर काय करायचं हे आत्ताच लिहून ठेवायचं. सहाच्या आत भरला तर एकर. दहा मिनिटांपर्यंत लागले तर अर्धा एकर, झाडं २,७००. त्याहून जास्त लागले तर यंदा लागवड नाही, रोपं विकून टाकायची. मेमध्ये मन फार अडकलेलं असतं, तेव्हा नव्याने ठरवायला बसलं की माणूस एकरच लावतो.

या जर-तरवर माझा फार विश्वास आहे. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या एका लेखात हेच मांडलंय की नुसतं "मी हे करीन" म्हणणाऱ्यापेक्षा "असं झालं की मी तसं करीन" ठरवून ठेवणाऱ्याच्या हातून काम जास्त होतं, कारण ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही. नाम्यासाठी अशा चार-पाच ओळी पुरेत. शेजारी हरभऱ्यावर फवारणी झाली, तर त्या बाजूच्या ओळींचा पाला त्या बॅचला तोडायचा नाही, आणि बाकीचा आधी थोड्या अळ्यांना घालून बघायचा. (शेजारी म्हणजे तुझे आबाच. तू त्यांना आधीच सांगून ठेव, फवारायच्या आदल्या दिवशी नाम्याला हाक मारा म्हणून.) रात्री शेडचा पारा २० च्या खाली आला, तर पडदे सोडायचे आणि हीटर लावायचा. धुराची शेगडी नको. दुपारी ३० च्या वर गेला, तर पडद्यांना ओली पोती. अळ्या कात टाकायला बसल्या, तर पाला बंद आणि वरून चुना. मोठ्या अळ्यांना २४-२५ अंश आणि ७० टक्क्यांच्या आसपास ओलावा मानवतो, त्यामुळे तापमान-ओलावा दाखवणारा मीटर रॅकवर टांगलेला पाहिजे. अंदाज नको.

आणि लग्नं! तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे पत्रिकांचा ढीग पडतो. शेवटच्या सात-आठ दिवसांत अळी तिच्या आयुष्यातला ऐंशी टक्क्यांच्या वर पाला खाते. त्या आठवड्यात नाम्या वरातीत नाचायला गेला की मागे सगळा घोळ. नाचण्यात त्याचा हात कुणी धरत नाही हे खरं, पण त्या आठवड्यात वहिनी, तो आणि एक मजूर, तिघंही घरी पाहिजेत. पुतण्याच्या लग्नाची तारीख निघाली की बॅचची तारीख सरकवायची, उलट नाही.

पैशाची एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसवायचीय. रोजगार हमीतून तुतीला मदत आहे, पण ती तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने, काम झाल्यावर येते. आधी खिशातून घालावे लागतात. जॉब कार्ड, सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा ठराव हे सगळं लागतं. नियम बदलत राहतात, म्हणून यंदाचा कागद जिल्हा रेशीम कार्यालयातून स्वतः जाऊन आणायचा. पारावर ऐकलेल्या आकड्यावर शेडचं लोखंड उचलायचं नाही. अनुदान आलंच नाही तर शेड कशाने उभी राहील, याचं उत्तर वहीत नसेल तर काम सुरू करू नये, हे माझं ठाम मत आहे. आधीच सोसायटीचं देणं डोक्यावर आहे.

वेळ मात्र तो कमीच धरणार, सगळे धरतात. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळंच वाईट घडलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणून नाम्याने "आठ दिवस" म्हटलं की वहीत बारा लिहायचे. बेण्याची तारीख सोडून. तिथे मागे सरकायला जागाच नाही.

आता तुझं काम. दर रविवारी रात्री आठनंतर त्याला फोन करायचा, वीस मिनिटं. विचारायचं एवढंच: ठरवलेलं काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात पहिलं काम कोणतं. ते पहिलं काम एका दिवसात होणारं असावं आणि त्याला वार पाहिजे. "रेशीम ऑफिसचं बघतो" हे काम नव्हे. "मंगळवारी अकराला लातूरला, सातबारा आणि जॉब कार्ड घेऊन" हे काम. दोन रविवार तेच काम अडलेलं निघालं तर रागवायचं नाही. ते काम मोठं आहे असं समजून त्याचे दोन तुकडे करायचे, नाहीतर कुणाची मदत लागते ते विचारायचं. मी हे करत नाही, कारण मला तो "झालं रे" म्हणून सांगतो आणि मी रोज समोर असल्यामुळे ते चालूनही जातं. तुझ्याशी तो खोटं बोलत नाही. कामून, ते तुला ठाऊक आहे.

तुझं कसं चाललंय? वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिन्मयचं नीटचं वर्ष, त्याला रात्री जागवू नकोस. पाठीचा पट्टा वापरतोस की कपाटात आहे?

सोबत नाम्याच्या कागदाची झेरॉक्स आहे, मागच्या बाजूला मी तारखा टाकल्यात. १० जानेवारीच्या आत तुझं हो की नाही कळव. तू हो म्हणालास तर ११ चा रविवार पहिला. त्या रात्री त्याला फक्त बेण्याचं विचार: कुणाच्या बागेतून, किती कांड्या, तोडायला कोणत्या दिवशी जायचं. आणि आबांना फवारणीचं सांगायला विसरू नकोस.

तुझा,
सुभ्या