बंड्याच्या डॉक्टर मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आमचा बंड्या, तीन वर्षांचा जॅक रसेल टेरियर, आता कुंथत नाही आणि त्याच्या शौचातून रक्त पडणेही थांबले आहे, हे आपण जाणताच. तरीही आपले आभार चारचौघांत मानावेत असे घरातील सर्वांना वाटले, म्हणून हे पत्र.

नागपूरच्या मे महिन्यात कुत्र्याचे पोट बिघडले की सगळा दोष उन्हावर जातो. जंतांचे औषध झाले, दहीभात झाला, पण शौचावरचे ताजे लाल रक्त आणि चिकट आव हटेना. आपण हातमोजा घालून गुदाशय बोटाने तपासलात आणि आत गाठी लागतात, असे लगेच सांगितलेत. (इतकी साधी तपासणी आधी कुणाला का सुचली नसावी, हा विषय मी वाढवत नाही.)

भूल देऊन दुर्बिणीने पाहताना आपण मोठ्या आतड्यावर न थांबता जठरही पाहिलेत, कारण गुदाशयातला एखादा पॉलिप (आतल्या अस्तरावर उगवणारी गाठ) सहसा मध्यमवयीन वा म्हाताऱ्या कुत्र्यांत आढळतो, पण कमी वयात, त्यातही या जातीत, अनेक पॉलिप दिसले तर आनुवंशिक कारणाचा संशय घ्यावा लागतो. जपानमधील गिफू विद्यापीठाच्या संशोधकांना जॅक रसेल टेरियरमधील या आजाराचे मूळ एपीसी जनुकातील जन्मजात बदलात सापडले. माणसांतही याच जनुकातील दोषामुळे ऐन तारुण्यात आतड्यात शेकडो पॉलिप उगवतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या या जनुकाची एक प्रत मुळातच निकामी असते, एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की पॉलिप वाढू लागतो, म्हणून काढले तरी नवे येऊ शकतात आणि त्यांतून कर्करोगही उद्भवू शकतो, हे आपण कागदावर आकृती काढून समजावलेत.

मात्र खरे ऋण पुढचे आहे. जनुकीय तपासणीचा अहवाल हाती येताच आपण विचारलेत, "याच्या भावंडांचे काय?" दोष आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक पिल्लात तो उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. पिल्ले विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले, तेव्हा ओळखीच्या दवाखान्यांत चौकशी करून त्याच विणीतली मादी आपण वर्ध्यात शोधून काढलीत. तिला नर दाखवायचे ठरले होते. तिच्यातही तोच बदल निघाला आणि पैदास थांबली.

बंड्याची पुढील दुर्बीण तपासणी दिवाळीनंतर आहे. वर्ध्याची मंडळीही मादीला घेऊन येणार आहेत, तरी दोघांना एकाच दिवशीची वेळ द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपले ऋणाईत,
बंड्याच्या घरची मंडळी, नागपूर