‘पगार’ कुठून आला?

महोदय,
म्हापशाच्या बाजारात परवा नातीने विचारले, ‘आजोबा, काजू आपलाच ना?’ आपल्या डोंगरांवर उदंड पिकतो खरा, पण झाड मूळ ब्राझीलचे. नावही तिथल्या तुपी भाषेतले, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले. बटाटा, पाव, चावी, घमेले हे शब्दही त्यांच्याच वाटेने आले. मला सर्वांत नवल वाटते ते ‘पगार’चे. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. त्यांच्या क्रियापदाचे आपण नाम केले आणि दर महिन्याला त्याची वाट पाहू लागलो! १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, शब्द मात्र घरचेच झाले. आपल्या रविवार पुरवणीत अशा शब्दांसाठी छोटासा कोपरा द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, म्हापसा