ब्रेकचे पेडल खाली जात असेल तर केवळ ऑइल ओतून भागत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की मुंबई-पुण्याहून कोकणात जाणाऱ्यांसाठी रस्त्यांची अवस्था, पर्यायी मार्ग आणि पथकरमाफी यांची माहिती आपण आवर्जून छापता. त्याच ओघात ब्रेकच्या मऊ पडलेल्या किंवा पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जाणाऱ्या पेडलविषयीही वाचकांना सावध करावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. मोटार दुरुस्तीच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला एका सवयीची फार काळजी वाटते. पेडल खाली जाते अशी तक्रार घेऊन गाडी आली की अनेक ठिकाणी बॉनेट उघडून टाकीत ब्रेक ऑइल ओतले जाते आणि गाडी परत दिली जाते.

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते आणि इंजिन ऑइलप्रमाणे त्यातले ऑइल जळून कमी होत नाही. चाकाची तबकडी आवळणारे पॅड झिजत गेले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतली पातळी कित्येक महिन्यांत थोडी उतरते. पण त्यामुळे पेडल मऊ होत नाही. पातळी लवकर उतरत असेल तर कुठे तरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी वरून ऑइल ओतले तर डॅशबोर्डवरचा इशारा देणारा दिवा विझतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

दोष कुठे आहे हे पेडल बऱ्याच अंशी स्वतःच सांगते. पेडल दाबताना लवचीक लागत असेल आणि दोन-तीनदा भरभर दाबल्यावर वर येत असेल, तर नळ्यांमध्ये हवा शिरलेली असते. पहिल्या दाबाला खोल जाऊन लगेच दुसऱ्या दाबाला वरच टणक लागत असेल, तर मागच्या चाकांच्या ड्रमला आतून घासणारे शू झिजून त्यांच्यातले अंतर वाढल्याची शक्यता जास्त. सपाट जागी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरावे. ते पायाखालून हळूहळू खाली सरकत राहिले आणि बाहेर कुठेही गळती दिसली नाही, तर पेडलचा दाब नळ्यांतल्या ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतले रबर दाब धरत नाही असे समजावे. (इंजिन सुरू होताना पेडल किंचित खाली जाते, तो पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा परिणाम असतो, दोष नव्हे.) गळती शोधताना चाकांच्या आतल्या बाजू आणि रबरी होज पाहिले जातातच, मात्र मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये उतरत असेल तर जमिनीवर थेंबही पडत नाही, म्हणून तिथला जोड सोडवून पाहणे आवश्यक असते.

घाटात घडणारा प्रकार याहून वेगळा आणि अधिक फसवा आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रचलित दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर चाकांजवळचे ऑइल उकळू शकते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल थेट तळाला जाते आणि चाकांपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. गाडी थंड झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पेडल पूर्ववत लागते आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. चालकाला भास झाला असे म्हणून त्याची बोळवण केली जाते, हे मला अक्षम्य वाटते. अशी तक्रार आली की जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरलेच पाहिजे. एरवीही साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, गाडी कमी चालली असली तरी ते बदलावे.

दुरुस्तीबाबतही काही पथ्ये आहेत. नळ्यांतली हवा काढताना पुस्तिकेत दिलेला चाकांचा क्रम पाळावा आणि टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये, नाही तर काढलेली हवा पुन्हा आत जाते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबून हवा काढू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरला जात नाही तिथे गंज आणि मळ साचलेला असतो, आणि त्यावर घासून चांगले रबरही फाटते; पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की हे टळते. सिलिंडरच्या आत ओरखडे असतील तर केवळ रबर किट बदलणे ही तात्पुरती मलमपट्टी ठरते. चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर काही गाड्यांत ती स्कॅनर (संगणकीय तपासणी यंत्र) लावूनच निघते. टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले तर गाडी अजिबात चालवू नये, कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात आणि ती सगळी बदलावी लागतात.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्या काळात पीयूसीसाठी फक्त धूर तपासला जातो; ब्रेक पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर पडते. कोकणात जाणाऱ्यांना पथकरमाफीचे पास परिवहन कार्यालये आणि पोलीस ठाण्यांतून दिले जातात. त्या पासासोबत पेडल दाबून धरण्याची चाचणी, ब्रेक ऑइलची मुदत आणि घाट उतरताना खालचा गिअर ठेवण्याची सूचना असलेले एक मराठी पत्रक द्यावे, अशी परिवहन विभागाला विनंती आहे. आपणही ही चाचणी उत्सवाच्या आठवडाभर आधी छापावी, म्हणजे दोष आढळल्यास दुरुस्तीला वेळ मिळेल.

आपला,
एक निवृत्त मोटार मेकॅनिक, कराड