कोपराखाली उशी ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार तिथेच, तुमच्या समोर बसून मानायचे होते. पण रडू फुटलं आणि दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र. ते उघडच लिहितेय, कारण सांधे निखळतात, अंग दुखतं म्हणून दारोदार फिरणारे माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत. त्यांच्याही वाचनात ते यावं.

तुम्ही जे केलंत ते तुमच्या लक्षातही नसेल. मी माझी सगळी हकिगत सांगत होते आणि नेहमीच्या सवयीने डाव्या हाताने उजवं कोपर धरून बसले होते. तसं धरलं नाही तर हाताच्या वजनानेच खांदा खाली ओढला जातो. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तुम्ही लिहिता लिहिता थांबलात, उठलात, तपासणीच्या टेबलावरची उशी आणलीत आणि माझ्या कोपराखाली सरकवलीत. वरून दाबून पाहिलंत. उंची कमी वाटली, तशी खाली चादरीची घडी घातलीत. "आता सावकाश सांगा," एवढंच म्हणालात. मॅडम, औषधाची चिठ्ठी लिहायच्या आधीच माझं अर्धं दुखणं तिथे उतरलं होतं.

त्याआधी माझ्या फायलीत 'सर्व नॉर्मल' याखेरीज काही लिहिलं गेलं नव्हतं. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल, एक्स-रे स्वच्छ. म्हणजे दुखणं मनाचं! एका डॉक्टरांनी तर माझ्यादेखत नवऱ्याला विचारलं, "यांना घरी काही टेन्शन आहे का?" दुसऱ्या एकांनी न सांगता हात मागे पिरगाळून पाहिला. खांदा निसटला, मी ओरडले, तर म्हणाले, "एवढं काय त्यात!" व्यायाम शिकवणाऱ्यांनी स्ट्रेचिंग वाढवायला सांगितलं, म्हणजे आधीच सैल पडलेल्या अस्थिबंधांना, हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांना, आणखी ताण. या मंडळींना आजार ओळखता आला नाही, त्याचं मला काही वाटत नाही. तो अवघडच आहे. 'मला समजत नाहीये' असं म्हणण्याऐवजी 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं त्यांनी बेधडक सांगून टाकलं, त्याचा संताप मात्र अजून जात नाही.

तुम्ही करंगळी मागे वाकवून पाहिलीत, अंगठा वाकवून कोपर-मनगटामधल्या हाताला टेकवून पाहिलात, कोपर, गुडघे, कंबर सगळं तपासलंत. आणि प्रत्येक वेळी आधी विचारलंत, "इथे धरलं तर चालेल ना?" सांधे किती सैल आहेत ते मोजणाऱ्या बायटन चाचणीत ९ पैकी ८ गुण भरले; माझ्या वयाला सांधे जास्त सैल म्हणायला ५ पुरतात. तरी तेवढ्यावर न थांबता त्वचा पाहिलीत, जुने व्रण पाहिलेत, हृदयाची एको करायला लावलीत, घरात आणखी कुणाचे सांधे असे आहेत का ते विचारलंत. मग नाव सांगितलंत: एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम, म्हणजे शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात आजार, आणि त्यातला हायपरमोबाइल, म्हणजे सांधे प्रमाणाबाहेर वाकणारा प्रकार. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याचे १३ प्रकार आहेत आणि नेमक्या याच प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही, हेही समजावलंत. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टात तो दिसणारच नव्हता. तो हाताने तपासून आणि माणसाचं नीट ऐकूनच कळतो. ऐकायला वेळ नसलेल्यांना तो कसा कळणार होता?

अस्थिबंध सांध्याला आवळून धरत नाहीत, म्हणून ते काम स्नायूंच्या गळ्यात पडतं आणि ते दिवसभर आखडून राहतात. संध्याकाळपर्यंत माझं अंग का मोडून येतं, याचं उत्तर मला पहिल्यांदा मिळालं. पूर्ण बरं होईल असं खोटं आश्वासन तुम्ही दिलं नाहीत. सांधा टोकापर्यंत न नेता हळूहळू ताकद वाढवायची, हे मात्र स्वतः करून दाखवलंत. दातांच्या डॉक्टरांसाठीही चिठ्ठी दिलीत की, भुलीचं इंजेक्शन हिला कमी लागू पडू शकतं. त्या खुर्चीवर मी 'नाटकं करते' असं ऐकून घेतलंय, म्हणून ती चिठ्ठी पर्समध्ये जपून ठेवली आहे.

हुशार डॉक्टर पुष्कळ भेटले. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस भेटायला मात्र नशीब लागतं, आणि तसं ते लागू नये. दुखतंय म्हणणाऱ्याचं आधी खरं मानायला कुठलं मशीन लागत नाही, खर्चही येत नाही.

पुढच्या वेळी आईला घेऊन येतेय. उभी राहिली की तिचेही गुडघे मागे जातात आणि तिलाही जन्मभर 'तुला काही झालेलं नाही' हेच ऐकवलं गेलं. तिला जरा कमी ऐकू येतं, थोडं मोठ्याने बोलावं लागेल.

आपली ऋणी,
तुमची एक रुग्ण