समुद्रावर निघण्याआधी पंधरा दिवस जलतरण तलावात घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की नांदेड, लातूर, परभणीकडच्या गाड्या तारकर्ली-मालवणच्या वाटेला लागतात. ज्यांना परवडते ते अंदमानला जातात, हल्ली लक्षद्वीपचीही चौकशी होते. तिथे पोचल्यावर फलकांवर स्नॉर्केलिंग (डोळ्या-नाकावर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पालथे तरंगत पाण्याखाली पाहणे) आणि पॅडलबोर्डिंग (तरंगत्या फळीवर उभे राहून वल्हवणे) ही नावे दिसतात, पैसे भरले जातात, आणि आठही जिल्ह्यांत कुठे समुद्रकिनारा नसलेल्या आपल्या मराठवाड्यातला माणूस दहा मिनिटांच्या सूचनांवर खाऱ्या पाण्यात उतरतो. नाकातोंडात पाणी जाते, पाच मिनिटांत बोटीवर परत, आणि ‘आपल्याला काही जमत नाही बुवा’ असा निकाल. हा निकाल चुकीचा आहे. जे शिकायला शांत, उथळ पाणी आणि पाच-सहा तास लागतात, ते खोल पाण्यात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या घाईत शिकवले जाते, एवढाच दोष. हे पाच-सहा तास आपल्याच गावच्या जलतरण तलावात काढता येतात. त्यासाठी काय करावे, हे सांगायला हे पत्र.

आधी विहिरीबद्दल. आपल्याकडे पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसे पुष्कळ. काठावरून मुटका मारणारा गडी समुद्राला काय भिणार, असे वाटणे साहजिक आहे. पण विहिरीतले पोहणे म्हणजे डोके वर, हातपाय जोरात आणि चार हातांवर पायरी. स्नॉर्केलिंगमध्ये सगळे उलटे. तोंड पाण्यात, हात जवळजवळ स्थिर, पाय सावकाश. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त असते, त्यामुळे अंग सैल सोडले की ते विहिरीपेक्षा सहज तरंगते. पट्टीचा पोहणारा नेमके तेच करत नाही. तो हातपाय मारतो, दमतो, दमला की भराभर उथळ श्वास घेतो, आणि तिथे नळीचा हिशेब आडवा येतो.

तो हिशेब असा. शांत माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली १५० मिलीलिटरच्या आसपास हवा घशात आणि श्वासनलिकेतच राहते, उपयोगी पडत नाही. तोंडात ३५ ते ४० सेंटीमीटरची नळी धरली की जवळपास तेवढीच शिळी हवा आणखी वाढते. आता उथळ श्वास घेणारा तीच शिळी हवा आतबाहेर करत राहतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, छातीत कोंडल्यासारखे होते, माणूस घाबरून आणखी भराभर श्वास घेतो. यावर औषध एकच, चार अंक मोजत आत आणि सहा अंक मोजत बाहेर. लांब नळी जास्त सुरक्षित, हाही एक लाडका गैरसमज. नळी जेवढी लांब तेवढी शिळी हवा जास्त. शिवाय एक मीटर खोलीवर पाणी छातीला वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याइतके जादा दाबते, तेवढ्या खालून नळीने वरची हवा ओढणे माणसाच्या फुफ्फुसाला झेपत नाही.

मास्क भाड्याचा घ्या किंवा विकत, पण बसतो की नाही ते आधी पाहा. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. गळत असेल तर पट्टा आवळून उपयोग नाही, उलट कड वाकडी होऊन पाणी जास्त येते. कडेखाली केसांची एक बट आली तरी पाणी शिरते. मिशी हे गळतीचे हमखास कारण. मिशीवर पाणी सोडायला कुणी तयार होत नाही, हे आम्ही जाणतो. नाकाखालची बोटभर पट्टी भादरली तरी भागते. चेहऱ्याला खोबरेल, डोळ्यांत काजळ आणि कपाळावर उन्हाचे मलम लावून मास्क घालू नये. कड सरकते आणि मलम डोळ्यांत उतरते. नवीन काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टने चोळून काढला नाही तर काच धुकटते. रोजच्या धुक्यावर काचेच्या आतून थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब फिरवून पाण्यात एकदा बुडवणे पुरते.

चश्मेवाल्यांसाठी वेगळे. मास्कखाली चष्मा चालत नाही, त्याची काडी कडेखाली फट पाडते. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, बुकिंग करतानाच विचारावे. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे उणे एक-दीड नंबरवाल्यांचे बहुधा साध्या काचेवरही भागते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरू नका, डोळ्यांना जंतुसंसर्गाचा धोका असतो. सगळा चेहरा झाकणारे मास्क फोटोत छान दिसतात, पण नवशिक्याने ते टाळावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पाणी शिरले तर तोंडातली नळी थुंकून टाकता येते, ते घुमट पटकन निघत नाही.

तलावातला सराव फारसा अवघड नाही. पहिले दोन दिवस कमरेइतक्या पाण्यात काठ धरून फक्त तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घ्यायचा, एका वेळी पाच मिनिटे, बाकी काही करायचे नाही. नाक मास्कमध्ये बंद असताना तोंडानेच श्वास घ्यायची शरीराला सवय नसते, ती याच दोन दिवसांत लागते. मग मुद्दाम नळीत पाणी घेऊन ‘थू’ असा एकच जोरकस फुंकर मारून ते बाहेर उडवायचे. नंतरचा पहिला श्वास अगदी हळू, कारण तळाशी चमचाभर पाणी उरलेले असते, आणि ठसका लागतो तो त्याचाच. मास्कमध्ये पाणी आले तर मान थोडी वर, वरची चौकट कपाळावर दाबायची आणि नाकाने श्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेने निघून जाते. हे दोन्ही न घाबरता सलग दहा वेळा जमले की मगच फिन, म्हणजे पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंखे, चढवायचे. पाय मांडीपासून हलवायचे, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे नाही. आणि फिन घालून चालायचेच असेल तर उलटे, मागे मागे.

खाली बुडी मारायचा मोह पहिल्या सहलीत आवरावा. मारलीच तर एखाद्या मीटरवरच कानाला दडे बसतात, तेव्हा नाक चिमटून हलकेच फुंकावे. सर्दी असेल तर अजिबात नाही. बुडीआधी भराभर दहा-बारा मोठे श्वास घेण्याची पैज विहिरीवर पोरे लावतात, ती जीवघेणी आहे. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वासाची निकड वाटतच नाही, आणि ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. आवाज नाही, धडपड नाही.

लाइफ जॅकेट हवेच. मात्र जाड फोमचे जॅकेट माणसाला उभे करू पाहते, त्यात पालथे पडून खाली पाहणे कष्टाचे होते. स्नॉर्केलिंगसाठी फुंकून फुगवायची बंडी मिळते, ती मागावी. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावला नाही तर कुठलेही जॅकेट कानांपर्यंत चढते. ओढणी, साडी, सैल सुती कुर्ता नको, सुती कापड भिजून जड होते. पूर्ण बाह्यांचा नायलॉन टी-शर्ट आणि लेगिंग सगळ्यांना चालते, पाठही भाजत नाही. जोडीदाराशिवाय उतरू नये. आणि हो, पाण्यात हात हलवून ‘मजा येतेय’ सांगू नका. हात हलवणे म्हणजे मदत मागणे. सगळे ठीक आहे हे अंगठा आणि तर्जनीची गोल खूण करून सांगतात. अंगठा वर करण्याचा स्कूबावाल्यांकडे, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून खोल बुडी मारणाऱ्यांकडे, अर्थ ‘वर चला’ असा आहे. रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा फिट्स असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट पाण्यात उतरणेही बरे नाही, एक झोप काढा.

आता वेळेचे. कोकणपट्टीत भरतीचा जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी दुपारी बाराला. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण, म्हणजे पाण्याची ओढ सर्वांत जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा ओढ कमी. हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडतो, आणि तो अंदमानला लागू होत नाही. पण घरी पंचांग असतेच, तारीख ठरवताना तेही उघडावे. पाणी चढून स्थिरावते तो भरतीच्या टोकाचा अर्धा-पाऊण तास नवशिक्याला उत्तम. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर खेचते. देवबागला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे हे विशेष जपावे. पाण्याची स्वच्छता नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चांगली, पावसाळ्यात हे सगळे बंदच असते.

पॅडलबोर्डला वाऱ्याची भीती लाटेपेक्षा जास्त. उभा माणूस म्हणजे शीडच. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, ते इथे कामाला येतात. सकाळी किनाऱ्यालगत पाणी तेल ओतल्यासारखे दिसते, पण तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो आणि बोर्ड अलगद बाहेर नेतो. अकरानंतर खारा वारा जोर धरतो, पाणी खडबडीत होते. म्हणून शिकायला उघडा समुद्र नकोच, खाडीचे आतले पाणी बघावे, आठ ते साडेदहा. जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर, म्हणजे दमल्यावर परतणे सोपे.

नवशिक्याला बोर्ड साधारण साडेदहा फूट लांब, ३२ ते ३४ इंच रुंद आणि ६ इंच जाड हवा. हवेचा असेल तर दाब १२ ते १५ पीएसआय. कमी हवेचा बोर्ड मधोमध खाटेसारखा झोळतो आणि मग तोल जातो, दोष मात्र पायांना दिला जातो. वल्हे आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. वल्ह्याच्या पात्याचा कोन पुढच्या बाजूला झुकलेला हवा. पहिल्या दिवशी बहुतेक जण ते उलटे धरतात. वरचा हात मुठीवर, खालचा दांड्यावर.

गुडघाभर पाण्यात या, कारण बोर्डाच्या तळाशी असलेला फिन, म्हणजे उभा कल्ला, वाळूत रुतला की माणूस पुढे फेकला जातो. मधोमध उचलायची पकड असते, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून आधी दहा मिनिटे गुडघ्यांवरच वल्हवा. बोर्ड चालू असतानाच एकेक पाऊल गुडघ्यांच्या जागी आणून उठा. सायकलसारखेच आहे, थांबलेला बोर्ड जास्त डुलतो. पावले समांतर, खांद्याइतक्या अंतरावर, गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. पायांकडे पाहिले की पडलाच. पाते पूर्ण बुडवून घोट्यापर्यंत ओढायचे आणि तिथेच काढायचे. घोट्याच्या मागे ओढत नेले की बोर्ड गोल फिरतो. चार-पाच वल्ह्यांनी बाजू बदला.

पडायचेच आहे, तर बोर्डापासून दूर आणि आडवे पडा. उथळ पाण्यात उभे किंवा डोक्यावर नाही. परत चढताना बोर्डाच्या मध्यावर या, पकड धरा, पाय मागे पसरून मारा आणि पोटावर सरका. वारा वाढला तर गुडघ्यांवर बसा, त्याहून वाढला तर पालथे पडून हातांनी वल्हवा. बोर्डाची दोरी शांत पाण्यात घोट्याला चालते. वाहत्या खाडीत मात्र ती जाळ्यांच्या खुंटात अडकून माणसाला खाली धरू शकते, तिथे एका झटक्यात सुटणारा कमरेचा पट्टा मागा. बोर्ड सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नका, तरंगणारी सर्वांत मोठी वस्तू तीच आहे.

मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीत. त्यांच्यावर उभे राहू नका, मेलेला तुकडाही पिशवीत घालू नका. उथळ वाळूत पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत दडलेले पाकट सरकून जाते, नाहीतर काटा मारते. त्याच सहलीत स्कूबाही केली असेल तर विमानाआधी किमान १८ तास राखा. नुसत्या स्नॉर्केलिंगला ही अट नाही.

सरावासाठी शेततळे वापरू नये, हे वेगळे सांगायला हवे. अस्तराचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की त्यावर ना पाय ठरतो ना हात, चांगले पोहणारेही त्यातून वर येऊ शकत नाहीत. पैठणच्या नाथसागरात बोर्ड घेऊन उतरण्याचा विचारही परवानगीशिवाय करू नये. तिथे पक्षी अभयारण्य आहे, आणि धरणाचे पाणी कधी सुटेल त्याचा नेम नसतो.

राहिला तलाव. आपल्याकडच्या अनेक महापालिकांचे तलाव आहेत, पण मास्क आणि नळी आणू देत नाहीत, फिनला तर नाहीच. कारण रास्त आहे, गर्दीत फिनचा फटका दुसऱ्याला बसतो. तेव्हा दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे पंधरा दिवस सकाळच्या शेवटच्या पाळीतला एक तास, उथळ भागातल्या दोन मार्गिका दोरीने वेगळ्या करून यासाठी ठेवाव्यात, अशी आमची तलाव चालवणाऱ्यांना विनंती आहे. जीवरक्षक तिथे असतोच, नवा खर्च नाही. आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. सुट्टीच्या महिन्यात सोन्याच्या भावाशेजारी मालवणच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापल्या, तर आमच्याकडचे लोक त्या कापून खिशात ठेवतील.

आपले,
पोहायला शिकवणारे काही प्रशिक्षक, नांदेड